वायरलेस नेटवर्कच्या सुरक्षेवर संशोधन सुरू करताना

शेवटच्या वर्षाचे प्रकल्प ठरवण्याचे दिवस आले की वाशी-नेरुळपासून घोडबंदर रस्त्यापर्यंतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एक विषय हमखास पुढे येतो, आणि तो बहुधा ‘वायफाय हॅकिंग’ याच नावाने येतो. अमुक साधन वापरून पासवर्ड काढता येतो, असे विद्यार्थी उत्साहाने सांगतात. तो काढता येतो हे सगळ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे, मग तुमच्या कामातून नवे काय कळणार, असे विचारले की बोलणे तिथेच थांबते. हा लेख त्या थांबलेल्या बोलण्याच्या पुढचा आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या, एम.एस्सी. करणाऱ्या किंवा नुकतीच पीएच.डी.ची नोंदणी केलेल्या वाचकाने वायरलेस सुरक्षेच्या संशोधनात पाऊल टाकताना काय, कोणत्या क्रमाने आणि कशाच्या आधारे करावे, एवढेच यात सांगायचे आहे.

पहिली पायरी : घरातला राउटर नीट वाचावा

सुरुवात पुस्तकाने न करता घरच्या राउटरपासून करावी, असे माझे मत आहे. वायरशार्क हे नेटवर्कवरची देवाणघेवाण दाखवणारे मोफत साधन लॅपटॉपवर घेऊन, वायरलेस कार्ड मॉनिटर मोडमध्ये, म्हणजे हवेतले सगळे काही केवळ ऐकण्याच्या स्थितीत, टाकून, आपल्याच राउटरच्या चॅनलवर पाच मिनिटे ऐकावे. हवेत तीन प्रकारच्या फ्रेम, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, दिसतात : व्यवस्थापनाच्या, नियंत्रणाच्या आणि प्रत्यक्ष माहितीच्या. त्यांतली बीकन ही व्यवस्थापनाची फ्रेम राउटर साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी पाठवतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा तो आपले नाव, आपला वेग आणि आपली सुरक्षा कोणत्या प्रकारची आहे हे उघडपणे जाहीर करत असतो. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे मोजणीच्या वेळी तो उपयोगी पडणार आहे.

यानंतरचा अभ्यास थोडा कष्टाचा आहे, पण तो टाळू नये. आपला फोन आपल्या राउटरला जोडताना डब्ल्यूपीए-२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीमध्ये चार संदेशांची देवाणघेवाण होते, तिला चौपदरी हस्तांदोलन म्हणता येईल. ते चारही संदेश पकडून ठेवावेत आणि मग पायथनमध्ये स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामने त्यांतली किल्ली काढून पाहावी. पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव घेऊन पीबीकेडीएफ-२ ही पद्धत ४०९६ फेऱ्यांमध्ये २५६ बिटांची मुख्य किल्ली तयार करते. त्या किल्लीत दोन्ही बाजूंचे मॅक पत्ते (उपकरणांचे ओळख-क्रमांक) आणि दोन्ही बाजूंनी पाठवलेले यादृच्छिक अंक मिसळले की त्या जोडणीपुरती किल्ली मिळते. तिच्यावरून दुसऱ्या संदेशातला पडताळणीचा संकेत काढावा आणि पकडलेल्या फ्रेममधल्या संकेताशी तो जुळतो का ते पाहावे. पहिल्या प्रयत्नात तो सहसा जुळत नाही, कारण बाइटांचा क्रम कुठेतरी उलटा लागलेला असतो किंवा संकेताची जागा शून्यांनी भरायची राहून गेलेली असते. ती चूक शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या तरी हरकत नाही. तयार साधनाचे बटण दाबणाऱ्याला जे कधीच दिसत नाही, ते या दोन संध्याकाळींत दिसते. उदाहरणार्थ, नेटवर्कचे नाव हेही किल्लीच्या घडणीतला एक घटक आहे, त्यामुळे कारखान्यातून आलेले ठरावीक नाव आणि सोपा पासवर्ड एकत्र आले की आधीच तयार करून ठेवलेले तक्ते वापरणे हल्लेखोराला सोपे जाते, हे आपोआप उमगते.

दुसरी पायरी : जुन्या चुकांचा इतिहास

या विषयाचा इतिहास परीक्षेपुरता पाठ करण्याजोगा नाही, कारण संशोधनाचे प्रश्न कसे सुचतात हे त्यातच कळते. ८०२.११ हे वायफायचे मानक १९९७ साली आले आणि त्याबरोबर वेप ही सुरक्षा पद्धत आली. वेपमध्ये प्रत्येक पॅकेटसाठी बदलणारा भाग केवळ २४ बिटांचा होता, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ शक्यता. संख्या मोठी वाटते, पण हा भाग यादृच्छिकपणे निवडला तर सुमारे ४,८०० पॅकेटांतच तो पुन्हा येण्याची शक्यता निम्म्यावर पोहोचते, आणि तो पुन्हा आला की दोन संदेश एकाच प्रवाहाखाली झाकले जातात व एकमेकांना उघडे पाडतात. निकिता बोरिसोव्ह, इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी २००१ मध्ये हे दोष सविस्तर मांडले. त्याच वर्षी स्कॉट फ्लुरर, इत्सिक मँटिन आणि आदी शमीर यांनी वेपच्या पोटातल्या आरसी-४ या पद्धतीची किल्ली मांडण्याची रीतच कमकुवत असल्याचे दाखवले. २००७ पर्यंत सुमारे ४०,००० पॅकेटांत १०४ बिटांची वेप किल्ली निम्म्या वेळा मिळवता येते, इथपर्यंत मजल गेली.

मधल्या काळात २००३ मध्ये डब्ल्यूपीए हा तात्पुरता उपाय आला आणि २००४ मध्ये ८०२.११आय या दुरुस्तीसह डब्ल्यूपीए-२ आले. २००५ मध्ये तर चौपदरी हस्तांदोलन सुरक्षित असल्याची औपचारिक गणिती सिद्धताही प्रसिद्ध झाली. तरीही २०१७ मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेनच्या विद्यापीठातील मॅथी व्हॅनहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी ‘क्रॅक’ हा हल्ला मांडला. हस्तांदोलनातला तिसरा संदेश पुन्हा पाठवला गेला की फोन किंवा लॅपटॉप तीच किल्ली पुन्हा बसवतो, पॅकेटांचा मोजणी-अंक मागे जातो आणि एकदा वापरलेले अंक त्याच किल्लीसोबत परत वापरले जातात. लिनक्स व अँड्रॉइडवर चालणाऱ्या डब्ल्यूपीए-सप्लिकंट या वायफाय जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या काही आवृत्त्यांत तर खऱ्या किल्लीऐवजी सगळी शून्येच बसवली जात होती.

इथे नवख्या वाचकाने थांबून विचार करावा, कारण माझ्या दृष्टीने सबंध विषयातली सर्वांत शिकवणारी जागा हीच आहे. २००५ ची सिद्धता चुकीची नव्हती. किल्ली गुप्त राहते आणि दोन्ही बाजूंना तीच मिळते, एवढे तिने सिद्ध केले होते, आणि क्रॅक हल्ल्यातही किल्ली कोणाच्या हाती लागत नाही. किल्ली नेमकी केव्हा आणि किती वेळा बसवली जाते, हा प्रश्न त्या सिद्धतेच्या चौकटीत घेतलाच नव्हता. पुन्हा पाहिले तर २००१ आणि २०१७ मधला मूळ दोष एकच आहे, एकदाच वापरायचा अंक दुसऱ्यांदा वापरला गेला. फक्त पहिल्या वेळी तो मानकात अगदी उघड्यावर होता आणि दुसऱ्या वेळी दोन भागांच्या सांध्यात लपलेला होता. पुढे २०१९ मध्ये डब्ल्यूपीए-३ च्या हस्तांदोलनातील ‘ड्रॅगनब्लड’ दोष आणि २०२१ मध्ये फ्रेमचे तुकडे करण्याच्या रीतीतले ‘फ्रॅगअटॅक्स’ दोष समोर आले. या दुसऱ्या गटातील काही दोष तर १९९७ पासून मानकात तसेच पडून होते.

तिसरी पायरी : शोधनिबंध वाचण्याची रीत

शोधनिबंध मिळवण्यासाठी पैसे मोजायची गरज क्वचितच पडते. युझनिक्स सिक्युरिटी आणि एनडीएसएस या संगणक सुरक्षेच्या परिषदांचे निबंध सर्वांना खुले असतात, इतर बरेचसे अर्काइव्ह या खुल्या संग्रहावर किंवा लेखकांच्या स्वतःच्या पानावर सापडतात. वायरलेस सुरक्षेला वाहिलेली एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेची वायसेक ही परिषद आहे, तिच्या मागच्या काही वर्षांची अनुक्रमणिका चाळली तरी आज कोणत्या प्रश्नांवर काम चालू आहे याचा अंदाज येतो.

वाचताना वहीत तीनच गोष्टी लिहाव्यात : हल्लेखोराच्या हाती काय काय आहे असे लेखकांनी गृहीत धरले आहे, प्रयोग कोणत्या उपकरणांवर झाला, आणि कोणती गोष्ट तपासलेली नाही. तिसरा रकाना भरणे कठीण जाते, कारण तो निबंधात सरळ लिहिलेला नसतो. पण क्रॅकची गोष्ट त्याच रकान्यातून निघाली. अशा वीस निबंधांच्या नोंदी जमल्याशिवाय विषयाचे नाव ठरवू नये.

चौथी पायरी : परवानगी आणि कायदा

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये शिरणे, त्यात व्यत्यय आणणे किंवा हक्काच्या वापरकर्त्याला ते नाकारणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य आहे. तेच अप्रामाणिकपणे वा फसवणुकीच्या हेतूने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘फक्त प्रयोग होता’ हे उत्तर पोलीस ठाण्यात फारसे चालत नाही. जोडणी तोडणाऱ्या खोट्या फ्रेम पाठवण्याचा प्रयोग सोसायटीच्या गच्चीवरून कधीही करू नये, कारण हवेत सोडलेली फ्रेम भिंत ओळखत नाही आणि शेजारच्या काकूंचा चालू असलेला व्हिडिओ कॉल तुटू शकतो. जॅमर, म्हणजे सिग्नल अडवणारे उपकरण, तर सरकारी परवानगीशिवाय विकत घेणे किंवा वापरणेही बेकायदा आहे, त्यामुळे त्यावरचे काम सिम्युलेशनमध्येच ठेवावे.

महाविद्यालयाच्या नेटवर्कवर काही करायचे असेल तर विभागप्रमुखांची आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी. त्या पत्रात तारीख, जागा, उपकरणे आणि काय करणार नाही हेही लिहावे. सोसायटीत केवळ ऐकण्याची मोजणी असली तरी सचिवांना पत्र द्यावे. खिडकीशी अँटेना लावून बसलेल्या तरुणाविषयी पहारेकऱ्याला शंका आली तर ते पत्रच कामी येते.

पाचवी पायरी : कमी खर्चाची प्रयोगशाळा

एक पैसाही खर्च न करता बरेच काही करता येते. लिनक्सच्या कर्नेलमध्ये मॅक-८०२११-एचडब्ल्यूसिम नावाचा भाग आहे. तो चालू केला की संगणकातच हवे तितके काल्पनिक वायफाय रेडिओ तयार होतात. एका रेडिओवर होस्टएपीडीने ॲक्सेस पॉइंट उभारावा, दुसऱ्यावर डब्ल्यूपीए-सप्लिकंटने ग्राहक उभारावा, आणि तिसऱ्याकडे हल्लेखोराची भूमिका द्यावी. हवेत एकही लहर न सोडता हस्तांदोलनाचे बहुतेक प्रयोग असे पार पडतात, कायद्याचा प्रश्नच येत नाही, आणि तोच प्रयोग उद्या दुसऱ्याला जसाच्या तसा करून पाहता येतो. शेकडो उपकरणांची गर्दी अभ्यासायची असेल तर एनएस-३ हे सिम्युलेटर आहे, मात्र ते शिकण्यासाठी सी++ ची ओळख आणि एक-दोन महिने हाताशी हवेत.

प्रत्यक्ष उपकरणांची वेळ आली की ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली चालेल असे दोन जुने राउटर आणि मॉनिटर मोड देणारे एक यूएसबी कार्ड पुरते. कार्ड घेताना खोक्यावरचे मॉडेलचे नाव पाहून भागत नाही, आतली चिप कोणती आहे ते पाहावे लागते, कारण एकाच नावाच्या मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत चिप बदललेली असू शकते. माझ्या एका विद्यार्थ्याने लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून स्वस्तात कार्ड आणले आणि ते मॉनिटर मोडमध्ये जाईचना, त्यात त्याचा आठवडा गेला. एआर-९२७१ ही जुनी चिप अजूनही शिकण्यासाठी चांगली आहे, तिचे ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोन्ही खुले आहेत. ती केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालते, ही मर्यादा मात्र आधीच ध्यानात घ्यावी.

सहावी पायरी : आवाक्यातला प्रश्न

‘वायफायची सुरक्षा वाढवणे’ हा प्रश्न नव्हे, ती इच्छा झाली. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर वर्षभरात मोजून देता येईल आणि उत्तर ‘नाही’ आले तरी ते सांगण्याजोगे असेल. एक उदाहरण घेऊ. ठाण्यातील उंच इमारतींमध्ये एका खोलीत बसून कितीतरी नेटवर्क ऐकू येतात. त्यांतील किती नेटवर्क व्यवस्थापनाच्या फ्रेमना खोट्या फ्रेमपासून संरक्षण देतात? हे संरक्षण ८०२.११डब्ल्यू या २००९ च्या दुरुस्तीने आले, आणि ते उपलब्ध आहे की सक्तीचे आहे हे बीकनमधल्या दोन बिटांवरून कळते. कोणाच्याही नेटवर्कमध्ये न शिरता, कोणाचीही माहिती न उघडता, केवळ जाहीर घोषणांवरून या प्रश्नाचे उत्तर मिळते.

प्रश्न सोपा दिसला तरी त्यात खड्डे आहेत आणि ते ओळखणे हेच खरे काम आहे. दोन पट्ट्यांवर चालणारा एकच राउटर किमान दोन पत्त्यांनी घोषणा करतो, पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क असेल तर आणखी एक पत्ता वाढतो. म्हणून मोजलेले पत्ते म्हणजे राउटरांची संख्या नव्हे. दुसरा खड्डा चॅनल बदलण्याचा आहे. कार्ड एका वेळी एकच चॅनल ऐकते. २.४ गिगाहर्ट्झच्या १३ चॅनलांवर प्रत्येकी २५० मिलिसेकंद थांबले तर पूर्ण फेरीला सव्वातीन सेकंद लागतात, आणि १०० मिलिसेकंदच थांबले तर १०२.४ मिलिसेकंदांनी येणारा बीकन मधल्या मध्ये निसटू शकतो. ठाणे-वाशी लोकलमधून अशी मोजणी करावी, ही कल्पना दरवर्षी कोणीतरी मांडते. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीत एका फेरीत आपण सुमारे ५४ मीटर पुढे गेलेलो असतो, त्यामुळे रबाळे ते घणसोलीच्या मधली कितीतरी नेटवर्क एकदाही नीट ऐकली जाणार नाहीत. जी ऐकली जातील ती रुळांलगतची, त्यांतही औद्योगिक वसाहतीतील अधिक. त्या आकड्यांवरून ‘नवी मुंबईतील घरे’ असा निष्कर्ष काढता येणार नाही. गाडीतून मोजूच नये असे नाही, पण मग प्रश्नाचे शब्द बदलावे लागतील.

गोपनीयतेचा मुद्दाही इथेच येतो. राउटरचा मॅक पत्ता हॅश करून, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या सूत्रातून काढून, ठेवला की तो लपला, असा समज सर्रास आढळतो. पत्ता ४८ बिटांचा असतो आणि त्याचा अर्धा भाग सहसा उत्पादकाचा ठरलेला असतो. उरलेल्या २४ बिटांच्या दीड कोटीहून थोड्या अधिक शक्यता साधा लॅपटॉप बघता बघता तपासून टाकतो. म्हणून गुप्त किल्ली वापरून हॅश करावे आणि मोजणी संपताच ती किल्ली नष्ट करावी. नेटवर्कची नावे तर साठवूच नयेत, कारण लोक त्यांत आडनाव आणि सदनिका क्रमांक बिनदिक्कत लिहितात. कॅप्चर करतानाच फक्त बीकन घेणारा फिल्टर लावावा, म्हणजे नको असलेली माहिती मुळात डिस्कवर येणारच नाही. फोनविषयी मोजणी करायची असेल तर आणखी सावध राहावे लागते. आजचे फोन बदलते मॅक पत्ते वापरतात, पत्त्याचा दुसरा षोडशांकी अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्याने दिलेला नसून उपकरणात तयार केलेला समजावा. अशा पत्त्यांवरून माणसे मोजणे चुकीचे ठरते, आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नंतर माणसांचा माग काढणारी माहिती गोळा करण्यापूर्वी महाविद्यालयाच्या नैतिकता समितीकडे जाणेच शहाणपणाचे आहे.

सातवी पायरी : मोजणी आणि नोंदवही

प्रत्येक कॅप्चरसोबत तारीख, वेळ, जागा, कार्डाची चिप, ड्रायव्हर आणि कर्नेलची आवृत्ती लिहिलेली असावी. सिग्नलच्या ताकदीचे आकडे दोन वेगळ्या कार्डांवरून घेतलेले असतील तर त्यांची थेट तुलना करू नये. सिम्युलेशन असेल तर यादृच्छिक बीज (यादृच्छिक अंक जिथून सुरू होतात तो आकडा) बदलून ते अनेकदा चालवावे आणि बीजाची नोंदही ठेवावी.

आपल्याकडचा पाऊस हा याबाबतीत चांगला गुरू आहे. पावसाळ्यात वायफाय मंदावते, हे पावसाच्या थेंबांमुळे होते, असे अनेक जण ठामपणे सांगतात. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर घरापुरत्या अंतरात पावसाने होणारी घट नगण्य असते. मात्र जुलैतल्या एखाद्या दुपारी लोकल बंद पडलेल्या असतात, माणसे घरी असतात, खिडक्या लावलेल्या असतात आणि प्रत्येक घरात काही ना काही चालू असते, म्हणजे चॅनलवर गर्दी वाढलेली असते. फक्त पावसाच्या दिवशी मोजणी केली तर चुकीच्या कारणाला दोष दिला जाईल. म्हणून कोरडा कामाचा दिवस, कोरडी सुट्टी, पावसाचा कामाचा दिवस आणि पावसाची सुट्टी अशा चारही वेळी मोजावे.

आठवी पायरी : दोष सापडला तर

खरोखर एखाद्या उपकरणात दोष सापडला, तर तो मित्रांच्या गटावर टाकण्याची घाई करू नये. आधी दुसऱ्या, शक्यतो तशाच पण वेगळ्या उपकरणावर तो पुन्हा दिसतो का ते पाहावे. मग मार्गदर्शकांना सोबत घेऊन उत्पादकाला लेखी कळवावे. उत्तर आले नाही तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेकडे जाता येते. नव्वद दिवसांची मुदत द्यायची, हा या क्षेत्रातला रूढ संकेत आहे, पण दोष मानकातच असेल तर अधिक वेळ द्यावा लागतो. क्रॅकच्या वेळी उत्पादकांना जुलै २०१७ पासून कळवायला सुरुवात झाली आणि माहिती १६ ऑक्टोबरला जाहीर झाली, तर फ्रॅगअटॅक्सच्या वेळी नऊ महिने गप्प राहावे लागले.

नववी पायरी : लिहिणे आणि पाठवणे

पैसे भरा आणि आठवड्यात निबंध छापून घ्या, अशा जाहिरातींचे ईमेल विद्यार्थ्यांना येत राहतात. अशा नियतकालिकात छापलेल्या निबंधाचा पुढच्या प्रवेशाला किंवा नोकरीला उपयोग होत नाही, उलट चांगल्या कामावर डाग पडतो. त्यापेक्षा बंगळूरला दर जानेवारीत भरणाऱ्या कॉम्सनेट्स परिषदेत एखादे पोस्टर मांडणे कितीतरी चांगले, तिथे समोर उभे राहून प्रश्न विचारणारी माणसे भेटतात.

मसुदा तयार झाला की प्रकल्पात नसलेल्या एखाद्या वर्गमित्राला तो आणि सोबतचे प्रोग्राम द्यावेत, आणि आपण शेजारी न बसता त्याच्याच लॅपटॉपवर सगळा प्रयोग पुन्हा करायला सांगावे. तो जिथे अडेल आणि फोन करून विचारेल, तिथे तोंडी उत्तर न देता ते मसुद्यात लिहावे आणि नवी प्रत त्याला पाठवावी. एकही फोन न येता त्याचा आकडा आपल्या आकड्याशी जुळला, म्हणजे निबंध पाठवण्याची तारीख पाहायला हरकत नाही.